दुसऱ्यांच्या हसण्याचे ऋण



वसंतातल्या व्याख्यानांना यावयाचे म्हणजे काहीतरी भारदस्त कानावर पडणार, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली ही प्रथा पडली. तेव्हापासून अर्थकारण, इतिहास, समाजसुधारणा, वेदान्त असे वजनदार विषय या व्यासपीठांनी पेलले आहेत. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो एक विनोदी कार्यक्रम आहे. तो आपल्या देशातला नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरी तो महिन्यातून एकदा होत असे. २००५ साली तो सुरू झाला आणि २०१५ साली थांबला. या सभेतल्या दहा जणांनी तरी त्याचे नाव ऐकले असेल की नाही, याची मला शंका आहे. ‘द थ्रिलिंग ॲडव्हेंचर अवर’ हे ते नाव. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ‘थरारक साहसांचा तास’. पत्रिका छापावयास देण्यापूर्वी कार्यवाहांनी मला दोनदा विचारले, की विषय हाच ना? मी म्हटले, हाच.

विनोदाची मीमांसा मी करणार नाही. लाडू गोड का लागतो हे सांगण्यासाठी तो फोडून त्यातले बेदाणे मोजत बसणारा मनुष्य शेवटी लाडवाला मुकतो. मला एक ऋण मान्य करावयाचे आहे, एवढेच. ते ऋण लेखकांचे आहे, नटांचे आहे, पण सर्वांत अधिक कोणाचे आहे हे ओघाने येईल.

प्रथम तो कार्यक्रम म्हणजे काय, ते सांगतो. बेन ॲकर आणि बेन ब्लॅकर असे दोन मित्र. दोघांचे नाव एकच, आडनावेही यमक जुळवल्यासारखी, आणि दोघेही लेखक. यांनी २००५ साली हॉलिवूडमधल्या एम बार नावाच्या एका लहानशा जागेत हा खेळ मांडला. लोक खातपीत बसलेले आणि समोर कार्यक्रम चाललेला, अशातली ती जागा. त्या वेळी कार्यक्रमाचे नाव आणखी लांबलचक होते. साहसांच्या जोडीला ‘अतींद्रिय रहस्यां’चाही त्यात उल्लेख असे. पुढे २०१० साली मंडळी ‘लार्गो ॲट द कोरोनेट’ या नाट्यगृहात गेली आणि शेवटपर्यंत तेथेच राहिली.

रंगमंचावर काय असे? मायक्रोफोन, मागे वाद्यवृंद, आणि हातात कागद घेतलेले नट. पुरुष मंडळी सूट घालून, स्त्रिया समारंभाचा पोशाख करून येत, मायक्रोफोनपाशी उभ्या राहत, आणि हातातली संहिता वाचून नाटक करीत. देखावा नाही, रंगभूषा नाही, पाठांतर नाही. १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकन नभोवाणीवर जशी नाटके होत, तशी ही नाटके. एका संध्याकाळी निरनिराळ्या मालिकांचे तुकडे होत. कोठे मंगळ ग्रहावर फौजदारी करणारा शूर गडी, कोठे भुतांशी बोलणारे श्रीमंत जोडपे, कोठे काळाच्या पोटात मागेपुढे धावणारा कर्नल. मधे जाहिराती होत, आणि त्याही खोट्या! ‘वर्कज्यूस’ नावाची कॉफी आणि ‘पेट्रियट’ नावाची सिगारेट यांची तोंड भरून स्तुती चाले. यांतली एकही वस्तू बाजारात नव्हती. जुन्या नभोवाणीचे सारे वैभव साबण, कॉफी आणि सिगारेटवाल्यांच्या पैशावर उभे होते, त्याची ही थट्टा. जॅक बेनी या थोर विनोदी नटाचा कार्यक्रमसुद्धा कित्येक वर्षे लकी स्ट्राइक सिगारेटच्या नावाने होत असे.

आता आपण विचाराल, की ज्या शहरात चित्रपटांचे कारखाने आहेत, जेथे मनात येईल ते पडद्यावर उभे करता येते, तेथे नामांकित नटनट्यांनी हातात कागद घेऊन उभे राहावे, हा काय प्रकार? आणि येत तरी कोण? ‘क्रिमिनल माइंड्स’ या दूरदर्शन मालिकेत काम करणारी पॅजेट ब्रूस्टर येई. ‘कॅसल’चा नायक नेथन फिलियन पाहुणा म्हणून येई. पॉल एफ. टॉम्पकिन्ससारखा पट्टीचा विनोदवीर दर महिन्याला येई. यांना पैशाची किंवा प्रसिद्धीची वाण होती असे नाही. मग ओढ कसली होती?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत नभोवाणीवरील नाटकांचा सुवर्णकाळ ज्या दिवशी संपला, तो दिवस इतिहासकार बोटाने दाखवतात. ३० सप्टेंबर १९६२ रोजी सी. बी. एस. या कंपनीने आपल्या उरलेल्या दोन नाट्यमालिका बंद केल्या आणि घराघरांत वावरलेली पात्रे एकदम मुकी झाली. दूरचित्रवाणीने त्यांना गिळले. आपल्याकडे १९५७ साली विविध भारती नुकती सुरू झाली होती. म्हणजे तिकडे दिवा मालवत होता आणि इकडे वात पेटत होती. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आकाशवाणीवरचे ‘पुन्हा प्रपंच’ आणि त्यातले टेकाडे भावोजी आठवत असतील. आम्ही घरात बसून हसत होतो, शेजारच्या खिडकीतूनही हसू ऐकू येत होते. परंतु आमचे हसणे त्या नटांपर्यंत पोचत नव्हते.

अमेरिकन नभोवाणीवरचे विनोदी नट या बाबतीत भाग्यवान. त्यांच्यापुढे प्रत्यक्ष श्रोते बसवलेले असत. याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. जॅक बेनीने रंगवलेले पात्र महाकंजूष होते, हे सगळ्या देशाला ठाऊक होते. २८ मार्च १९४८ च्या कार्यक्रमात एक दरोडेखोर त्याला अडवतो आणि म्हणतो, पैसे दे नाहीतर प्राण दे. बेनी काहीच बोलत नाही. नभोवाणीवर शांतता! एरवी शांतता म्हणजे यंत्र बिघडले. परंतु त्या शांततेत समोरचे श्रोते हसू लागतात, हसणे वाढत जाते, दरोडेखोर चिडून पुन्हा विचारतो, आणि बेनी म्हणतो, विचार करतो आहे ना! आता सांगा, हा विनोद कोणी केला? बेनीने फक्त तोंड मिटले. त्या मिटलेल्या तोंडाचा अर्थ समोरच्यांनी हसून उच्चारला, आणि दूर घरी बसलेल्यांना तो त्या हसण्यातून कळला. श्रोते गप्प राहते तर संहितेत लिहिलेली ती जागा कोरीच राहिली असती.

पुढे दूरचित्रवाणीच्या काळात चार्ली डग्लस नावाच्या एका तंत्रज्ञाने यावरही तोड काढली. हशाचे यंत्रच त्याने बनवले. कळ दाबली की मंद हशा, दुसरी दाबली की खदखदून हशा. हे यंत्र कित्येक मालिकांना पुरले. त्याची टवाळी करणे सोपे आहे, मी करीत नाही. भाड्याने रडणाऱ्या बायका जगात पूर्वीपासून आहेत, मग भाड्याचे हसू का नसावे? परंतु त्या हशात एक गोष्ट कधीच ऐकू येत नाही. तो चुकीच्या जागी येत नाही, अवचित येत नाही, आणि नटाला चकित करीत नाही.

‘थरारक साहसां’च्या त्या संध्याकाळी हे सारे जसे जुन्या काळी होते तसे पुन्हा मांडलेले होते. कोरोनेट हे नाट्यगृहही साधेसुधे नव्हे, बरे का. १९४७ साली ते बांधले गेले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जर्मन नाटककार ब्रेख्त याचे ‘गॅलिलिओ’ तेथे इंग्रजीत झाले. प्रमुख भूमिका चार्ल्स लाफ्टनची. हिटलरच्या तावडीतून सुटून अमेरिकेत आलेला ब्रेख्त त्याच सालच्या ऑक्टोबरात अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उभा राहिला आणि दुसऱ्याच दिवशी देश सोडून गेला. तीनशेच्या आत खुर्च्या असलेल्या त्याच गृहात साठ-पासष्ट वर्षांनी लोक मंगळावरच्या फौजदाराला हसत होते. याबद्दल कोणी नाक मुरडील. मला वाटते, ब्रेख्तने मुरडले नसते. नट पात्राच्या आत न शिरता त्याच्या शेजारी उभा राहतो, प्रेक्षकाला आपण नाटक पाहतो आहोत याचा विसर पडू देत नाही, हे तर त्याचेच आग्रहाचे सांगणे होते. हातात कागद धरलेला नट याहून वेगळे काय करतो?

असो. आता पॉडकास्टविषयी. हा शब्द आज लहान मुलाच्याही तोंडी आहे, पण तो फार जुना नाही. एका इंग्रज पत्रकाराने २००४ सालच्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’ पत्रातल्या लेखात सुचवलेल्या दोन-तीन नावांपैकी हे एक. २००५ च्या जूनमध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि तो सर्वतोमुखी झाला. म्हणजे एम बारमधला खेळ आणि हे नवे साधन एकाच वर्षी वाढीला लागले. पण दोघांची गाठ पडावयास काही वर्षे जावी लागली. २०११ च्या आरंभी ‘नर्डिस्ट’ या पॉडकास्टच्या जाळ्यातून कार्यक्रमाचे भाग प्रसृत होऊ लागले. संध्याकाळच्या कार्यक्रमातली एकेक गोष्ट सुटी करून, आठवड्याआठवड्याने, विनामूल्य. त्याआधीची जवळजवळ सहा वर्षे तो कार्यक्रम जे खुर्चीवर बसले होते त्यांच्याच आठवणीत होता. आता तो जेथे भ्रमणध्वनी पोचतो तेथे पोचला. आणि त्याबरोबर त्या तीनशेच्या आतल्या मंडळींचे हसणेही पोचले.

ते माझ्यापर्यंत कसे पोचले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे बोलणे पोकळ वाटेल. काही वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, आणि तो पडद्यावर नीट टेकून राहावा म्हणून दहा दिवस मान खाली घालून, पालथे पडून राहावयाचे होते. जन्मभर शाळेत शिकवणे आणि उरलेल्या वेळात वाचणे, याखेरीज मला दुसरा उद्योग ठाऊक नाही. वाचणे बंद. माणसांचे चेहरे दिसणे बंद. भेटावयास येणाऱ्यांची फक्त पावले दिसत. वयाच्या त्या टप्प्यावर पालथे पडल्या पडल्या मनुष्याच्या डोक्यात काय काय येते, त्याची यादी मी येथे देत नाही. दृष्टी परत येईल की नाही, हा प्रश्न तिच्या शिरोभागी होता. माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याने भ्रमणध्वनीवर काहीतरी पाठवले आणि निरोप दिला, ‘मामा, वाचायचं नाही म्हणतात ना? मग ऐका.’

पहिल्या दिवशी मला निम्मे कळले नाही. मी इंग्रजी शिकवले, पण पुस्तकी. हे लोक भरभर बोलत होते, जुन्या अमेरिकन नभोवाणीच्या खोडी काढीत होते, त्यांच्याकडच्या काऊबॉयपटांची सोंगे आणीत होते. एकट्याने कोऱ्या ध्वनिमुद्रणात ते ऐकले असते तर दहा मिनिटांत मी बंद केले असते. परंतु कोठे काय आहे, हे मला कोणी तरी सांगत होते. लोक हसत होते. ते हसले की मला कळे, की येथे काहीतरी झाले. मग मी मागे जाऊन तेवढे वाक्य पुन्हा ऐके, आणि तिसऱ्या वेळी माझा मला हसू येई. संस्कृत काव्य वाचताना मल्लिनाथाची टीका हाताशी असावी, तसे त्या अनोळखी माणसांचे हसणे माझ्या हाताशी होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मागे जाण्याची गरज पडेनाशी झाली. आणि एक चमत्कार असा, की पुष्कळदा विनोद न कळताच मी हसू लागलो. उशीत तोंड खुपसून हसणारा म्हातारा पाहून आमच्या घरच्यांना, डोळ्याबरोबर आणखी काही बिघडले की काय, अशी शंका आली.

आपल्या अलंकारशास्त्राने यावर विचार केलेला आहे, याची मला तेव्हा आठवण झाली. हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार भरतापासून सांगत आले आहेत. त्यांचा अर्थ लावताना जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधरा’त म्हटले आहे, की हास्यास्पद गोष्ट पाहूनच पाहणाऱ्याला जे हसू येते ते आत्मस्थ, आणि दुसऱ्याला हसताना पाहून जे येते ते परस्थ. शास्त्रकारांनी याला कमी लेखले नाही, तोही हास्यरसच. पॅरिसच्या बर्गसाँनेही १९०० सालच्या आपल्या ग्रंथात हास्याला प्रतिध्वनी लागतो, ते नेहमी एखाद्या कळपाचे असते, असे प्रतिपादन केले. जगन्नाथाने ‘पाहून’ म्हटले आहे. मी पाहत नव्हतो, मी जमिनीकडे तोंड करून ऐकत होतो. आणि ज्यांचे ऐकत होतो ती माणसे केव्हाच घरी गेली होती, सातासमुद्रांपलीकडे, काही वर्षांपूर्वी.

आता त्या गोष्टींतल्या दोन सांगतो.

पहिली मंगळावरची. स्पार्क्स नेव्हाडा हा मंगळ ग्रहावरचा फौजदार. मार्क इव्हान जॅक्सन ते काम करी. सगळा थाट अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या घोडेस्वारांच्या चित्रपटांचा, फक्त जागा मंगळ. कोणी त्याला मंगळवासी म्हटले रे म्हटले, की हा दुरुस्ती करणार, की मी पृथ्वीवरचा. दहा वर्षे तो हे सांगत होता, आणि दर वेळी लोक हसत होते. त्याचा सोबती क्रोच हा अस्सल मंगळवासी, माग काढण्यात निष्णात. ते काम मार्क गॅग्लियार्डीचे. या क्रोचचा प्राण नेव्हाडाने वाचवला, आणि त्याच्या लोकांचा रिवाज असा, की प्राण वाचवणाऱ्याच्या ऋणात राहावयाचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याबरोबर जावयाचे. तो या ऋणाला ‘ओनस’ म्हणतो, आणि उठता-बसता त्याचा हिशेब मांडतो. नेव्हाडाला हे ऋण नको आहे. आभार मानून घरी जा, असे तो परोपरीने सुचवतो. क्रोच जात नाही. त्याचे बोलणे सरळ रेषेसारखे. उपरोध कळत नाही, लाजणे माहीत नाही. आणि बिचारा फौजदार हा मनातले काही न बोलणारा, सगळे मिशीत दाबणारा पुरुष. यांच्या संगतीत दर महिन्याला नवा दरोडेखोर, नवा राक्षस येतो, पण ऐकणाऱ्याचे लक्ष याकडेच असते, की हा हिशेब मैत्री कधी होतो.

‘ऋणानुबंध’ हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरात आहे, त्या भाषेतल्या माणसाला क्रोच समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकन श्रोत्याला तो विक्षिप्त वाटतो म्हणून तो हसतो. मला तो आमच्या गल्लीतला वाटला म्हणून मी हसलो. हे दोन निराळे विनोद एकाच वाक्यात कसे मावले, ते मला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट फ्रँक आणि सेडी डॉइल या जोडप्याची. टॉम्पकिन्स आणि ब्रूस्टर ही कामे करीत. न्यूयॉर्कचे गर्भश्रीमंत पतिपत्नी. त्यांना भुते दिसतात. लोक आपली गाऱ्हाणी घेऊन येतात, घरात भूत शिरले आहे, अंगात पिशाच आले आहे, काही करा. आणि या दोघांची एकच इच्छा, की ही पीडा लवकर जावी, म्हणजे पुन्हा पेला भरून एकमेकांच्या सहवासात बसता येईल. १९३४ सालच्या ‘द थिन मॅन’ चित्रपटातल्या नवराबायकोची ती आठवण आहे, हे जाणकारांना लगेच कळते. पेले हातात नसतात, हातात कागद. म्हणून पेल्याला पेला भिडवावयाचा झाला की दोघेही तोंडानेच ‘क्लिंक’ म्हणतात. एवढेच. काचेचा आवाज करणे काय अवघड होते? पण तो शब्द उच्चारला की सारे सभागृह खूष होई. नाटकाचे कारस्थान उघड आहे आणि त्यात आपण सामील आहोत, याचा तो आनंद. आपल्याकडे दशावतारात देव बोलता बोलता समोरच्या गावकऱ्याशी बोलू लागतो, तेव्हा मुलेबाळे अशीच खूष होतात.

या मद्यपानाच्या विनोदाविषयी मात्र माझे मन पुरते स्वच्छ नाही. आपल्या रंगभूमीवर गडकऱ्यांच्या तळीरामाने लोकांना पोट धरून हसवले, पण त्याच नाटकात सुधाकराचा संसार जळताना दाखवला. फ्रँक-सेडीच्या पेल्याला शेवटची किंमत कधी पडत नाही. ते दोघे कधी झिंगत नाहीत, कधी एकमेकांवर ओरडत नाहीत. हा परीकथेचा पेला आहे, हे मान्य. तरी ज्याने प्रत्यक्ष पेला पाहिला आहे त्याला मधूनच खुपते. दुसरेही दोष आहेत. काही मालिका पहिल्या तीन-चार भागांनंतर एकाच खुंटीला बांधलेल्या बैलासारख्या फिरतात. नेहमीच्या श्रोत्यांसाठी केलेल्या खुणा नवख्याला बाहेर ठेवतात. आणि इंग्रजी शब्दांवरच्या कोट्या, त्या कोटीच राहतात. आपल्याकडे कोल्हटकरांच्या कोट्यांनी जो कंटाळा आणला त्याचाच हा सावत्र भाऊ.

परंतु एक गुण असा आहे, की त्यापुढे मी हे सारे विसरतो. विनोदाला बळी लागतो, ही समजूत अलीकडे फार दृढ झाली आहे. कोणाची जात, कोणाचा रंग, कोणाचे व्यंग, कोणाची बायको, असे काहीतरी चव्हाट्यावर आणल्याखेरीज हशा येत नाही, अशी आजच्या कित्येक विनोदकारांची खात्री दिसते. या दहा वर्षांच्या कार्यक्रमातले जितके मी ऐकले, त्यात घरी जाताना मान खाली घालावी लागेल असा श्रोता मला भेटला नाही. सेडी ही फ्रँकच्या विनोदाचे लक्ष्य नव्हे. दोघे मिळून जगाला हसतात आणि जगापेक्षा एकमेकांवर अधिक प्रेम करतात. नवराबायकोचे पटते आहे, याच्यावर विनोद उभा करणे किती कठीण आहे, हे ज्यांनी आपली विनोदी नाटके पाहिली आहेत त्यांना सांगावयास नको.

२०१५ च्या एप्रिलमध्ये महिन्याचा हा नेम थांबला. लोक येत होते, खुर्च्या भरत होत्या, तरी थांबला. त्यापूर्वी त्यातल्या पात्रांची चित्रकथांची पुस्तके निघाली होती. पुढे मंडळी अधूनमधून एकत्रही आली. पण दर महिन्याला तेच लोक, तीच जागा, हे जे होते ते झाले. गाण्यांची आणि वाद्यवृंदाची बाजू सांभाळणारा अँडी पेली २०२४ च्या नोव्हेंबरात वारला. त्याने बांधलेले सूर ध्वनिमुद्रणात प्रत्येक गोष्टीच्या तोंडी आहेत. मी ते इतक्या वेळा ऐकले आहेत, की मंगळाचे नाव पंचांगात दिसले तरी मला घोड्यांच्या टापा ऐकू येतात. मंगळ असलेल्या मुलींच्या पत्रिका तपासणाऱ्यांनी हे औषध एकदा घेऊन पाहावे.

माझा डोळा बराचसा परत आला. अक्षरे किंचित वाकडी दिसतात, पण दिसतात. ज्या वैद्यांनी आणि परिचारिकांनी मला सांभाळले त्यांचे आभार मी प्रत्यक्ष मानले. लेखकांना आणि नटांना पत्र लिहिता येईल. त्यांची नावे आहेत. अडचण तिसऱ्यांची आहे. लार्गोच्या त्या खुर्च्यांवर कोण बसले होते? तिकीट काढून आलेला कोणी कारकून, कोणी विद्यार्थिनी, दिवसभराच्या कामाने आंबलेली कोणी परिचारिका. त्या नाट्यगृहाची शिस्त कडक. भ्रमणध्वनी खिशातून काढावयाचा नाही. त्यामुळे ती मंडळी दुसरे काही न करता, समोर पाहत, हसत बसली होती. आपण काही करतो आहोत, असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. ती मजा करावयास आली होती आणि करून गेली.

वारंवार ऐकून ऐकून आता मला त्यांच्यातले काही आवाज ओळखू येऊ लागले आहेत. एक मनुष्य आहे, आवाज जाडा. तो पहिल्या हशात कधीच नसतो, हशा ओसरत आला की हा एकटा सुरू होतो, आणि त्याच्यामुळे बाकीचे पुन्हा हसतात. आणि एका भागात एक बाई आहे. फ्रँकचे वाक्य अजून पुरे व्हावयाचे असते, एक-दोन शब्द शिल्लक असतात, आणि ती हसते. एकटीच. तिला ते आधी कळलेले असते. मग टॉम्पकिन्स अर्धा क्षण थांबतो. तो थांबतो, हे ऐकू येते. तो तिच्याकडे वळून पाहत असावा. मग तो उरलेले दोन शब्द बोलतो, आणि सारे सभागृह हसते, आणि इकडे मी.